बाथटब आणि टाइल यांच्यामधला सांधा सील कसा करायचा

टबच्या कडेला लावलेली सिलिकॉनची पट्टी वर्षभरात सुटली, की दोष बहुतेकदा सिलिकॉनवर ढकलला जातो. मग त्याच जुन्या पट्टीवर नवी पट्टी ओढली जाते आणि काही महिन्यांत तीही सुटते. खरं कारण वेगळं आहे: हा सांधा हलतो. साधारण टबमध्ये दीडशे लिटर पाणी भरलं की दीडशे किलो वजन वाढतं, त्यात माणूस बसला की आणखी साठ-सत्तर किलो. टब थोडा खाली दबतो, भिंत जागेवरच राहते आणि फट रुंदावते. पाणी सोडलं की टब पुन्हा वर येतो. अॅक्रिलिक आणि फायबरग्लासच्या टबमध्ये ही हालचाल जास्त जाणवते, ओतीव लोखंडाच्या टबमध्ये कमी. गरम-गार पाण्याने होणारं प्रसरण-आकुंचन वेगळंच.

म्हणून या सांध्यात ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचा सिमेंटसारखा मसाला) किंवा व्हाइट सिमेंट कधीही भरू नका. दोन्ही कडक असतात, त्यांना ताणता येत नाही. पहिल्या काही आंघोळींतच केसासारखी चीर पडते आणि पाणी तिथून आत शिरतं. इपॉक्सी पुट्टीचंही तसंच. दोन टाइल्सच्या मधली फट ग्राउटची, पण टाइल आणि टब यांच्यामधली फट लवचिक सीलंटची. भिंतीच्या दोन बाजू जिथे मिळतात तो उभा कोपराही लवचिक सीलंटचाच.

काय काय लागेल

- सॅनिटरी प्रकारचं, बुरशीरोधक, शंभर टक्के सिलिकॉन सीलंट: साधारण ३०० मिलीची दोन कार्ट्रिज
- सिलिकॉन गन. दांडा गुळगुळीत असलेली आणि ट्रिगर सोडल्यावर दाब थांबवणारी घ्या
- कटर आणि नवी पाती, प्लास्टिकचं स्क्रेपर
- सिलिकॉन रिमूव्हर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारी सुती फडकी
- ब्लीच, जुना टूथब्रश
- मास्किंग टेप, २० ते २५ मिमी रुंदीची
- फट ६ मिमीपेक्षा रुंद असेल तर बॅकर रॉड, म्हणजे बंद छिद्रांच्या पॉलिथिन फोमची गोल दोरी
- सीलंट ओढायची, म्हणजे भरलेल्या सीलंटवरून फिरवून त्याला सारखा आकार द्यायची, प्लास्टिक किंवा रबराची पट्टी
- नायट्राइल हातमोजे, टिश्यू पेपर, कचऱ्याची पिशवी

तीन बाजूंनी भिंत असलेल्या टबचा सांधा साधारण तीन ते सव्वातीन मीटर भरतो. ६ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल पट्टीला मीटरमागे ३६ मिली सीलंट जातं, म्हणजे हिशेबाने एक कार्ट्रिज पुरतं. तरीही दुसरं जवळ ठेवा. मधल्या भिंतीवर अर्ध्यात सीलंट संपलं तर जोड येतो आणि जोड हीच कमकुवत जागा असते.

सीलंट निवडताना

अॅक्रिलिक सीलंट स्वस्त असतं, पाण्याने धुता येतं, त्यावर रंगही बसतो. खिडकीच्या चौकटीला ते ठीक आहे. पण वाळताना ते आकसतं आणि सतत ओलं राहिलं तर मऊ पडतं. टबला ते वापरू नका.

सिलिकॉनमध्ये दोन प्रकार येतात. सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ते अॅसिटॉक्सी. काचेसारख्या चकचकीत सिरॅमिक टाइल आणि इनॅमलच्या टबवर ते उत्तम बसतं. मात्र त्यातून अॅसेटिक अॅसिड बाहेर पडतं. संगमरवर आणि चुनखडीच्या दगडावर त्याचे डाग पडतात, सिमेंटच्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाही, आणि पितळ, तांबं किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला ते गंज आणतं. दुसरा प्रकार न्यूट्रल. त्याचा वास सौम्य असतो आणि तो नैसर्गिक दगड, अॅक्रिलिक व धातू यांना चालतो. टब अॅक्रिलिकचा असेल किंवा भिंतीला दगड असेल तर न्यूट्रलच घ्या. टाइल कशाची आहे हे नक्की सांगता येत नसेल तरीही न्यूट्रलच.

कार्ट्रिजवर दोन गोष्टी वाचा. पहिली, वापरण्याची मुदत. जुनं झालेलं सिलिकॉन बाहेरून चांगलं दिसतं, नोझलमधून नीट येतं, पण आठवडा झाला तरी चिकटच राहतं. शंका असेल तर पुठ्ठ्यावर थोडं काढून दुसऱ्या दिवशी बघा. दुसरी, हालचालीचा वर्ग. ‘२५’ लिहिलेलं असेल तर ते सीलंट सांध्याच्या रुंदीच्या २५ टक्के ताणलं किंवा दाबलं तरी टिकतं. म्हणजे ६ मिमीच्या सांध्याला दीड मिमीची हालचाल झेपते, २ मिमीच्या सांध्याला जेमतेम अर्धा मिमी. नाजूक, बारीक रेघ सुंदर दिसते पण लवकर फाटते, ती यामुळेच.

रंगाचं म्हणाल तर पारदर्शक सिलिकॉन टाळा. त्याच्या मागे साचलेलं पाणी आणि बुरशी सगळी दिसते, आणि भरताना राहिलेले बुडबुडेही. पांढरं किंवा ग्राउटच्या रंगाचं घ्या.

१. काम सुरू करण्याआधी सांधा तपासा

टबच्या कडेवर तळहाताने जोर द्या. टब डोलतोय का? कुरकुरतोय का? टब भरल्यावर फट ३ मिमीपेक्षा जास्त उघडत असेल तर दोष सांध्यात नाही, टबच्या आधारात आहे. पाय सैल असतील, खालचा पाया पोकळ असेल. ते आधी दुरुस्त व्हायला हवं, कारण इतकी हालचाल कुठलंच सीलंट फार दिवस सोसत नाही.

मग टबलगतच्या टाइल्सच्या ओळीवर बोटाच्या पेराने ठोका. पोकळ आवाज आला, टाइल हलली किंवा ग्राउटमधून ओल झिरपताना दिसली तर थांबा. भिंत आतून ओली आहे. तिच्यावर सील केलं तर आतलं पाणी आतच कोंडतं. टाइल्स काढून मागची भिंत वाळवावी लागेल.

२. जुनं सीलंट पूर्ण काढा

या कामातला सगळ्यात कंटाळवाणा टप्पा हाच आणि निकाल इथेच लागतो. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला चिकटत नाही. पातळ, न दिसणारा थर राहिला तरी नवी पट्टी तिथून सोलून येते.

कटरने आधी टाइलच्या बाजूने एक काप द्या, मग टबच्या बाजूने. पातं पृष्ठभागाला जवळजवळ सपाट धरा. पातं बोथट झालं की लगेच बदला, बोथट पात्यानेच हात घसरतो. दोन्ही काप झाले की पट्टीचं टोक पकडून ओढा, बराच भाग सलग निघतो.

उरलेल्या थरावर सिलिकॉन रिमूव्हर लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. मग प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा. अॅक्रिलिकच्या टबवर लोखंडी स्क्रेपर नको, ओरखडे कायमचे राहतात. अॅसिटोन आणि थिनर तर अजिबात नकोत, अॅक्रिलिक त्यांनी विरघळतं आणि चमक जाते. रिमूव्हरही आधी टबच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा.

फटीत जुनं ग्राउट असेल तर ग्राउट खरवडायच्या हत्याराने तेही काढा. सगळं निघालं असं वाटलं की कडेवरून नख फिरवा. कुठेही रबरासारखा अडथळा लागला तर तिथे सिलिकॉन शिल्लक आहे. डोळ्यांपेक्षा नखावर विश्वास ठेवा.

३. बुरशी मारा, धुवा, वाळवा

काळे ठिपके दिसत असतील तर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण करून टूथब्रशने फटीत लावा. दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. खिडकी उघडी ठेवा, पंखा चालू ठेवा.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, टाइल धुवायचं अॅसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका. अॅसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामीन. बंद बाथरूममध्ये दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. एकाच दिवशी एकामागून एक वापरणंही टाळा.

आता वाळवणं. वरून फट कोरडी दिसते, पण टाइलच्या मागे आणि टबच्या ओठाखाली ओल असते. किमान २४ तास बाथरूम वापरू नका, आणि जुना सांधा गळत होता असं दिसलं असेल तर दोन-तीन दिवस. पंखा लावून ठेवा. हेअर ड्रायरने घाई केली तर वरचा भाग वाळतो आणि आतली ओल तासाभराने पुन्हा वर येते. दुमडलेला टिश्यू फटीत खुपसून काढा. कोरडा निघाला तर पुढे जा.

४. टब पाण्याने भरा

बरेच जण हा टप्पा गाळतात. टब रिकामा असताना सील केलं तर फट तेव्हा सगळ्यात अरुंद असते, आणि पुढे प्रत्येक वेळी टब भरला की पट्टी ताणली जाते. टब भरलेला असताना सील केलं तर पट्टी मोठ्या फटीच्या मापाने सुकते. टब रिकामा झाला की ती फक्त दाबली जाते. चिकटलेल्या सिलिकॉनला दाब सहज सोसतो, ताणामुळे ते कडेने सुटतं.

नळ हळू सोडून, शिंतोडे न उडवता, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी जाण्याच्या भोकाच्या, जरा खालीपर्यंत पाणी भरा. शॉवर वापरू नका. पाणी फार थंड नको, नाहीतर दमट हवेत टबच्या कडेवर बाहेरून दव धरतं आणि वाळवलेली कड पुन्हा ओली होते. खोलीच्या तापमानाचं पाणी बरं. बूच घट्ट बसलंय ना हे आधीच पाहून ठेवा, कारण सीलंट सुकेपर्यंत हे पाणी काढायचं नाही. घरात लहान मूल असेल तर तोवर बाथरूमचं दार बंद ठेवा.

५. फट मोजा, गरज असेल तर बॅकर रॉड बसवा

टब भरलेला असतानाच फट मोजा आणि एकाच जागी मोजून थांबू नका. टब आणि भिंत क्वचितच समांतर असतात.

३ ते ६ मिमी असेल तर सरळ सीलंट भरता येतं. ६ मिमीच्या वर असेल तर आधी बॅकर रॉड घाला. रॉड फटीपेक्षा साधारण पाव पट जाड असावा: ८ मिमीच्या फटीला १० मिमीचा. बोथट पट्टीने तो आत दाबा, म्हणजे वर सीलंटसाठी सुमारे ६ मिमी खोली उरेल. टोकदार वस्तूने दाबू नका, फोमला भोक पडलं तर त्यातली हवा सीलंटमध्ये बुडबुडा होऊन येते.

रॉडचं काम फक्त सीलंट वाचवणं नाही. सिलिकॉनने वर टाइल आणि खाली टब अशा दोनच बाजू धराव्यात. तळालाही ते चिकटलं तर त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही आणि पट्टी मधूनच फाटते. पॉलिथिनला सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून रॉडवर ते मोकळं राहतं.

फट ३ मिमीपेक्षा बारीक असेल तर आत फार सीलंट जाणार नाही. तेव्हा कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी द्या, टाइलवर ६ मिमी आणि टबवर ६ मिमी धरेल अशी. फट १२ मिमीपेक्षा मोठी असेल तर मात्र सीलंटवर विसंबू नका. टब सरकलाय की टाइल्स वर संपल्या आहेत हे शोधा.

६. शेवटचं पुसणं आणि टेप

दोन फडकी घ्या. पहिल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टाइलची आणि टबची कड पुसा, आणि ते उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. आपोआप उडू दिलं तर साबणाचा मेणचट थर तिथेच परत बसतो. यानंतर कडेला उघडा हात लावू नका.

मग टेप: एक टाइलवर, एक टबवर, दोन्हींच्या मध्ये हवी तेवढी रुंदी सोडून. बहुतेक ठिकाणी ६ ते ८ मिमी पुरे. टेपची आतली कड नखाने घट्ट दाबा, नाहीतर सीलंट तिच्याखाली शिरून कड दातेरी होते. टबच्या बाहेरच्या दोन्ही टोकांना, जिथे भिंत पुढे जाते पण टब संपतो, तिथे टेप खाली वळवून टबच्या उभ्या कडेनेही लावा. शॉवरचं पाणी टबच्या कडेवरून वाहत याच टोकांना पोहोचतं आणि तिथून जमिनीवर उतरतं. ही उभी कड हमखास विसरली जाते.

७. सीलंट भरा

नोझल ४५ अंशात कापा आणि तोंड फटीपेक्षा किंचित लहान ठेवा. आधी कमीच कापा. मोठं झालेलं तोंड लहान करता येत नाही. कार्ट्रिजचा आतला पडदा फोडायचा राहिला नाही ना, हेही बघा. पुठ्ठ्यावर थोडं काढून धार सारखी येते का ते पाहा.

सुरुवात कोपऱ्यावरून करू नका. कोपऱ्यापासून वीतभर आधी सुरू करा आणि कोपरा न थांबता वळा, म्हणजे जोड सरळ भागात येतो. नोझल फटीला टेकवून, एकाच वेगाने, सीलंट फटीच्या आत ढकललं जाईल असा दाब ठेवा. लांब भिंत एका दमात पूर्ण करा. थांबावंच लागलं तर ट्रिगर लगेच सोडा आणि परत सुरू करताना ओल्या टोकात नोझल बुडवून पुढे निघा.

सीलंट नुसतं वरून पसरवलं तर खाली हवा राहते. पट्टी वरून छान दिसते, पण बोटाने दाबली की पोकळ लागते आणि पहिली गळती तिथेच होते.

८. ओढा आणि टेप काढा

सिलिकॉनवर दुधासारखी साय धरते आणि एकदा ती धरली की हात लावता येत नाही. उत्पादनाप्रमाणे आणि हवेप्रमाणे यासाठी पाच ते वीस मिनिटं लागतात. म्हणून एक भिंत भरली की लगेच ओढा, तिन्ही भिंती भरून मग नाही.

रबरी पट्टी सीलंटवरून एकाच दिशेने, हलक्या पण सलग दाबाने ओढा. सीलंटचा आकार किंचित आत वळलेला हवा आणि उतार टबच्या दिशेने. बाहेर फुगलेल्या पट्टीवर पाणी थांबतं, फार खोल ओढलेली पट्टी मधून पातळ होते. प्रत्येक ओढीनंतर हत्यार टिश्यूने पुसा.

साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ओढायची सवय सर्रास दिसते. त्यात धोका असा की साबणपाणी कडेच्या खाली शिरलं तर तिथे सिलिकॉन धरतच नाही. कोरड्या रबरी पट्टीने काम होत असेल तर पाण्याच्या वाटेला जाऊ नका. फवारायचंच असेल तर सीलंट पूर्ण भरून झाल्यावर, अगदी थोडं आणि फक्त सीलंटवर.

ओढून झालं की टेप लगेच काढा, सीलंट ओलं असतानाच. सांध्यापासून बाहेरच्या दिशेने, ४५ अंशात, सावकाश. साय धरल्यावर टेप काढली तर तिच्याबरोबर पट्टीची कडही उचलली जाते. टेपची रेघ थोडी उभी राहिली तर एकदाच हलकेच हात फिरवा. दहादा दुरुस्त करत बसलं की बिघडतंच.

९. सुकू द्या

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकतं, २४ तासांत साधारण २ ते ३ मिमी. ६ मिमी जाड पट्टी आतपर्यंत सुकायला दोन-तीन दिवस लागतात. कार्ट्रिजवर काही तासांत पाणी चालेल असं लिहिलेलं असतं, ते वरच्या सायीपुरतं खरं असतं. किमान २४ तास आंघोळ नको, पट्टी जाड असेल तर ४८. टबमधलं पाणी तोपर्यंत तसंच ठेवा. थंड किंवा फार कोरड्या हवेत आणखी वेळ द्या. हेअर ड्रायर किंवा हीटरचा इथे उपयोग नाही. त्यांनी हवा कोरडी होते आणि सुकणं उलट मंदावतं.

पुढे बिघडलं तर कारण कसं ओळखायचं

पट्टी एका कडेने सोलून येत असेल तर ती कड साफ किंवा कोरडी नव्हती, किंवा तिथे जुनं सिलिकॉन राहिलं होतं. मधून उभी फाटली असेल तर पट्टी पातळ होती, तळाला चिकटली होती किंवा टब रिकामा असताना भरली होती. आठवड्याने अजून चिकट लागत असेल तर कार्ट्रिज जुनं होतं. ते सगळं काढावंच लागेल, वाट बघून ते सुकत नाही.

काळपटपणाही नीट पाहा. वरच्या थरावरचे ठिपके पुसून जात असतील तर तो साबणाच्या थरावरचा प्रश्न आहे. आंघोळीनंतर सांधा पुसणं आणि पंखा थोडा वेळ चालू ठेवणं पुरेल. पुसूनही काळेपणा जात नसेल आणि तो पट्टीच्या आतून आल्यासारखा दिसत असेल तर मागे पाणी जातंय. अशा वेळी वरून ब्लीच मारून उपयोग नाही. सुटलेला भाग छोटा असेल तर तेवढाच, दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच पुढपर्यंत, कापून काढा आणि दुसऱ्या टप्प्यापासून सगळं पुन्हा करा. पट्टी दोन-तीन ठिकाणी सुटली असेल तर तुकडे जोडत बसू नका, ती भिंत पूर्ण नव्याने करा.